कॉलरा : नाव पित्ताचं, रोग पाण्याचा

'कॉलरा' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ पित्त. आणि कॉलरा झालेल्या माणसाच्या जुलाबात जे शोधूनही सापडत नाही, ते म्हणजे पित्ताचा पिवळा रंग. 'तांदळाच्या धुवणासारखे जुलाब' ही या रोगाची खूण वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. पांढुरकं, पातळ पाणी, त्यात शेंबडासारखे बारीक कण, आणि शौचाचा नेहमीचा वास नाही. मग ज्यात पित्त दिसतच नाही, अशा रोगाच्या नावात पित्त आलं कुठून?

सोलापूर जिल्ह्यात हा रोग घरोघरच्या आठवणीत आहे. पंढरपूर सोलापूर शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर. आषाढीला लाखो माणसं, वर पाऊस, नदीला गढूळ पाणी, आणि सगळ्यांची तहान भागवणारी तीच चंद्रभागा. कॉलऱ्याला याहून सोयीचं काय हवं? पूर्वी वारीला निघायचं तर कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे. जुन्या वारकऱ्यांच्या बोलण्यात ती सुई अजून येते, आणि नंतर दोन दिवस दुखलेला दंडही येतो. त्यामुळे 'कॉलरा' हा शब्द इथे कुणाला परका वाटत नाही. 'कॉलऱ्यानं गेला', 'कॉलऱ्याची साथ' अशी त्याची रूपंही आपण आपल्या व्याकरणाने चालवतो. पण या शब्दाचा प्रवास इतका वाकडातिकडा आहे की तो एकदा सविस्तर सांगायलाच हवा.

ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त. त्यावरून 'खोलेरा'. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकीय लेखनात हा शब्द येतो, म्हणजे त्याचं वय २,३०० वर्षांहून जास्त. तेव्हाच्या ग्रीक वैद्यकाची समजूत अशी होती की शरीर चार द्रवांवर चालतं : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. एखादा द्रव वाढला किंवा नासला की आजार. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही पद्धती एकच नव्हेत, त्यांचे तपशील बरेच वेगळे आहेत, पण विचाराची चाल ओळखीची आहे. वरून उलटी आणि खालून जुलाब एकाच वेळी सुरू झाले, बाहेर पडणारं पिवळं-हिरवं दिसलं, म्हणजे खवळलेलं पित्त शरीर बाहेर टाकतंय. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस असंच वर्णन करतो : पित्त वरूनही बाहेर पडतं आणि खालूनही. रोगाला नाव मिळालं 'खोलेरा'. लॅटिनमध्ये 'ख'चा 'क' झाला आणि पुढे इंग्रजांनी तो शब्द तसाच उचलला.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण सोलापुरात ती रोज उपयोगी पडते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी जरा जास्त झाली, रात्री छातीत जळजळलं, की आपण 'पित्त झालं' म्हणतो आणि मेडिकलमधून गोळी आणतो. ती जळजळ बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. आधुनिक वैद्यक ज्याला पित्त म्हणतं, तो रस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि चरबी पचवायला मदत करतो. ग्रीकांचं 'खोले' ते हे दुसरं पित्त, पिवळं-हिरवं आणि कडू.

पित्त आणि राग यांची जोडीही दोन्हीकडे आहे. आपल्याकडे माणसाचं पित्त खवळतं. ग्रीकांच्या 'खोले'चाही दुसरा अर्थ राग असाच होता. फ्रेंचमध्ये रागाला आजही 'कोलेर' म्हणतात आणि तो कॉलऱ्याचा सख्खा भाऊ आहे. उदास मनःस्थितीसाठी इंग्रजीत असलेला 'मेलँकली' म्हणजे शब्दशः 'काळं पित्त'. आणि सर्वांत ओळखीचा नातेवाईक तर पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर बसलेला असतो : कोलेस्टेरॉल. अठराव्या शतकात हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांमध्ये. १८१५च्या सुमारास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचं नाव ठेवलं ते 'पित्त' आणि 'घट्ट' या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून. पुढे तो रक्तातही असतो असं कळलं, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. म्हणून लिपिड प्रोफाईल करायला रक्त द्यायचं आणि रिपोर्टात घट्ट पित्त वाचायचं.

पित्ताची व्युत्पत्ती सर्वांना पटलेली होती असं मात्र नाही. सहाव्या शतकातल्या ट्रॅलिसच्या अलेक्झांडर या वैद्याने 'खोलेरा'चा संबंध आतड्यांसाठी असलेल्या 'खोलादेस' या शब्दाशी लावला. तिसरं मत आणखी मजेशीर आहे. ग्रीकमध्ये छपराच्या पन्हाळीला 'खोलेद्रा' म्हणत, आणि काहींच्या मते रोगाचं नाव त्यावरून पडलं. सोलापूर-मंगळवेढ्याकडची जुनी माळवदाची घरं पाहिलेल्या माणसाला ही कल्पना लगेच पटेल. सपाट मातीचं माळवद, कडेला भिंतीतून बाहेर काढलेली पन्हाळ, आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की सगळ्या छताचं पाणी त्या एकाच तोंडातून धो धो अंगणात. कॉलऱ्याचा रोगी ज्यांनी सांभाळला आहे, त्यांना यापेक्षा चपखल नाव सुचणार नाही. तरी बहुतेक अभ्यासकांचा कौल पित्तालाच आहे आणि मलाही तोच बरोबर वाटतो. व्युत्पत्तीत चपखल दिसणाऱ्या गोष्टीपासून जरा जपूनच राहावं. रोगाचं वर्णन शब्दाला जुळतं म्हणून शब्द त्यातूनच निघाला असं होत नाही.

मग नाव आणि रोग यांची फारकत झाली कुठे? ग्रीकांचा 'खोलेरा' हा आजचा कॉलरा नव्हताच. उन्हाळ्याच्या अखेरीला, शिळंपाकं खाऊन होणारे उलट्या-जुलाब, म्हणजे आपण ज्याला ढाळ-वांती म्हणतो, त्या सगळ्याला ते हे नाव देत. युरोपात हाच अर्थ दोन हजार वर्षं चालला. १६६९ मध्ये लंडनमध्ये अशी साथ आली तेव्हा टॉमस सिडनहॅम या प्रसिद्ध डॉक्टरने तिचं वर्णन याच नावाखाली केलं. त्यात पित्त खरंच दिसत असे, त्यामुळे नावाला कुणाची हरकत नव्हती.

१८१७च्या ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जेसोरला एक साथ उसळली. जेसोर आज बांगलादेशात आहे. नोव्हेंबरमध्ये तिने बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या सैन्याची दाणादाण उडवली. ते सैन्य पेंढारी आणि मराठे यांच्यावरच्या मोहिमेवर होतं. १८१८ मध्ये ती दख्खनमध्ये उतरली आणि मुंबईला पोचली. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट किल्ला जनरल मन्रोने घेतला. म्हणजे आपल्या भागात इंग्रजी राज्य आणि ही साथ यांची वर्दी एकाच वर्षी लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी रोगी पाहिले. उलट्या, जुलाब, हातापायांत गोळे, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी मेलेला. त्यांच्या पुस्तकात याच्या जवळ जाणारं एकच नाव होतं, ते त्यांनी लावलं. पुढे घरचा रोग आणि हा रोग वेगळे आहेत हे लक्षात आलं, तेव्हा या नव्याला 'एशियाटिक कॉलरा' म्हणायला लागले. हळूहळू 'एशियाटिक' गळालं. मूळचा साधा रोग ते नाव गमावून बसला आणि ज्यात पित्त दिसत नाही त्या रोगाच्या नावावर ते कायमचं झालं.

पिवळा रंग का दिसत नाही, हे कळायला १९५९ उजाडलं. कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचे बांधलेले तुकडे वापरून दाखवून दिलं की कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात आणि सगळा उत्पात त्या विषाचा असतो. जंतू आतड्याच्या भिंतीला भोक पाडत नाहीत, रक्तातही शिरत नाहीत. ते विष आतड्याच्या पेशींमधली क्लोराईड बाहेर सोडणारी दारं उघडी करून ठेवतं. क्लोराईड बाहेर पडलं की पाठोपाठ सोडियम जातं आणि त्यांच्यामागे पाणी. जोरात असलेल्या रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. पित्त आपल्या वेळेला येतच असतं, यकृताचं काही बिघडलेलं नसतं. पण सुरुवातीच्या एकदोन जुलाबांत आतड्यातला नेहमीचा मळ धुऊन निघतो आणि मग येणाऱ्या लोंढ्यात पित्ताचा रंग इतका पातळ होतो की दिसेनासा होतो. उरतं ते धुवण.

आता जरा उलट बाजूने बघू. इंग्रज येण्याआधी आपल्याकडे याला काय म्हणत?

सोलापूर ही चार भाषांची वस्ती. कन्नड घरात 'वांतिभेदी' ऐकू येतं, म्हणजे सरळसरळ उलटी आणि जुलाब, आडपडदा नाही. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या बोलण्यात 'कलरा'. दख्खनी बोलणाऱ्यांकडे 'हैजा', हा मूळचा अरबी. आणि मराठीत 'पटकी'. या शब्दात 'पटकन' ऐकू येतंच, आणि रोगाची चालही तशीच. 'तुला पटकी येवो' ही शिवी आजही एखाद्या आजीच्या तोंडून ऐकायला मिळते, मात्र आपण नेमका कोणता रोग दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोय याची तिला बहुधा कल्पना नसते. आयुर्वेदाच्या ग्रंथात 'विसूचिका' आहे. सूची म्हणजे सुई, आणि अजीर्णामुळे बिघडलेला वात अंगाला सुया टोचल्यासारखी वेदना देतो म्हणून विसूचिका, असं सुश्रुत सांगतो. ग्रीकांनी बाहेर काय पडतं ते पाहिलं, आपल्या वैद्यांनी आत काय होतं ते विचारलं. गावाने या दोन्हींच्या नादी न लागता रोगाला देवीच करून टाकलं : मरीआई. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत वेशीबाहेर तिचं ठाणं आहे आणि आषाढात तिला नैवेद्य जातो. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायचा अशी रीत होती. पलीकडच्या गावाला त्याबद्दल काय वाटत असेल, ते सांगायला नको.

या सगळ्यांत एक मराठी शब्द असा आहे की तो समुद्र ओलांडून गेला. आज आपण 'मोडशी' म्हणतो ते अजीर्णाला. लग्नाच्या पंगतीत जास्त जेवण झालं, पोट बिघडलं, की मोडशी झाली. सुंठ, ओवा, एक दिवस लंघन. पण चारशे वर्षांपूर्वी कोकण-गोव्याकडे हा शब्द कॉलऱ्यासाठी वापरत. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याची ऊठबस होती, तेव्हा दख्खन त्याला चांगलं माहीत होतं. १५६३ मध्ये त्याने गोव्यात छापलेला ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. त्यात बोलणं चाललेलं असताना एक नोकर धावत येतो आणि आपल्या मालकाच्या भावाला बघायला चला म्हणतो. काय झालंय? मोर्शी झाली आहे, दोन तास झाले. ऑर्ता मग आपल्या पाहुण्याला समजावतो की आमच्याकडे याला 'कोलेरिका पासिओ' म्हणतात, इथले लोक 'मोर्शी' म्हणतात आणि त्याचा अपभ्रंश करून आम्ही 'मोर्देशी' म्हणतो. आपल्या देशातल्यापेक्षा इथला हा रोग फार तीव्र आहे, माणूस साधारण चोवीस तासांत जातो, हेही तो नोंदवतो.

म्हणजे ग्रीक शब्द आणि मराठी शब्द एकाच रोग्याच्या खाटेपाशी समोरासमोर आले ते १८१७च्या अडीचशे वर्षं आधी.

'मोडशी'चं 'मोर्शी' कसं झालं? पोर्तुगीजांना आपला 'ड' उच्चारता येत नसे, तो त्यांच्या कानाला आणि जिभेला 'र' किंवा 'र्द' होई. 'श' हा आवाज ते ज्या अक्षराने लिहितात ते इंग्रजी वाचणाऱ्याला 'क्स' वाटतं, त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना पुष्कळांची फसगत होते. पुढे शेवटी अनुनासिक लागून 'मोर्देशिं' असं रूप रूढ झालं. फ्रेंचांनी ते ऐकलं आणि त्यांना त्यात आपलेच तीन शब्द ऐकू आले : 'मोर्', 'द', 'शियँ'. मरण, चं, कुत्रा. कुत्र्याचं मरण! रोगही असा होता की नाव खरं वाटावं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. अठराव्या शतकात मद्रासकडचे इंग्रज डॉक्टरसुद्धा आपल्या अहवालांत हेच फ्रेंच नाव लिहीत होते. 'ताप यायच्या आधी अंग मोडून येतं' म्हणणाऱ्या आपल्या 'मोडणे' या साध्या क्रियापदाचं पॅरिसपर्यंत जाऊन कुत्रं झालं.

ही नुसती गंमत नाही. एकोणिसाव्या शतकात असा समज पसरला होता की साथीचा कॉलरा भारतात १८१७ मध्येच पहिल्यांदा जन्मला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये भारतीय-इंग्रजी शब्दांचा जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात 'कुत्र्याच्या मरणा'चं मूळ 'मोडशी' असल्याचं दाखवून त्यांनी या समजाची खिल्ली उडवली. रोग जुना नसता तर शब्द इतका जुना कसा? मराठी शब्दाने अशी साक्ष दिल्याची उदाहरणं थोडीच असतील.

'खोले'कडे परत येऊ, कारण त्याचं एक नातं अजून राहिलं आहे आणि ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. ग्रीक, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा. या कुळात पिवळा-हिरवा, चकाकता रंग दाखवणारा एक अतिप्राचीन धातू होता. त्याच्या सुरुवातीचा घोगरा 'घ' ग्रीकमध्ये 'ख' झाला, संस्कृतमध्ये 'ह', फारसीत 'ज़', इंग्रजीत 'ग' किंवा 'य'. ग्रीकांचं 'खोले' त्यातून आलं. आपलं 'हिरण्य' म्हणजे सोनं, 'हरित', आणि 'हरिद्रा' हीही त्याच धातूची लेकरं. हरिद्रेची प्राकृतातून झाली हळद. फारसीत सोन्याला 'ज़र', त्यावरून साडीच्या पदराची जरी. फारसीत पिवळा म्हणजे 'ज़र्द', त्यावरून पानातला जर्दा. इंग्रजीतले 'गोल्ड', 'यलो' आणि पित्ताशयाच्या नावातलं 'गॉल', सगळे त्याच घरचे. चंपाषष्ठीला सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबापुढे जो भंडारा उधळतात, त्या हळदीचं आणि कॉलऱ्याचं गोत्र एक आहे, हे सांगितलं तर कुणी अंगावर धावून यायचा. पण भाषेपुरतं ते खरं आहे.

याच घरातला आणखी एक शब्द रोगाच्या विरुद्ध बाजूने लढतो. ग्रीकमध्ये फिकट हिरवट-पिवळ्याला 'ख्लोरोस' म्हणत. १७७४ मध्ये शेले याने तयार केलेल्या हिरवट-पिवळ्या वायूला १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यावरून नाव दिलं : क्लोरीन. ग्रामपंचायतीच्या विहिरीत किंवा टाकीत जी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, तिच्यात हाच असतो. साधारण हजार लिटरला पाच ग्रॅम. ती थेट ओतायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. वारीच्या दिवसांत पालखीमार्गावर टँकर भरतात तिथे थोडा वेळ थांबून बघा. आरोग्यसेवक काचेच्या बारक्या नळीत टँकरचं पाणी घेतो, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकतो आणि नळी उजेडात धरून डब्यावरच्या रंगाच्या पट्टीशी ताडून बघतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, टँकर जाऊ द्या. रंग आला नाही तर पुन्हा निवळी. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असा दंडक आहे.

पाण्याचा संबंध उघडकीला यायला मात्र फार वेळ गेला, आणि त्या काळात दोष लावायला यात्रेकरू होतेच. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने कॉलऱ्याचं घर भारत आणि त्याचं मोठं वाहन म्हणजे यात्रा, असं ठरवून टाकलं. यात्रांमधून रोग पसरत होता हे खोटं नाही. पण खापर यात्रेकरूच्या श्रद्धेवर फुटत राहिलं आणि त्याला प्यायला काय पाणी मिळतं, हा प्रश्न मागे पडला. खरं तर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचं पाणी पिणारे लोक मरत आहेत, हे जॉन स्नोने १८५४ मध्येच नकाशावर दाखवलं होतं. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनीने सूक्ष्मदर्शकाखाली जंतूही पाहिला. दोघांचंही त्या वेळी फारसं कुणी ऐकलं नाही. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉखने इजिप्त आणि कोलकाता इथे तोच स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला, तेव्हा कुठे जगाला पटू लागलं.

आज कॉलऱ्याचा नमुना लॅबमध्ये गेला तर रिपोर्टवर एक लांबलचक ओळ येऊ शकते : 'व्हिब्रिओ कॉलरी ओ-१ एल टोर ओगावा'. ही ओळ शब्दाशब्दाने वाचण्यासारखी आहे. 'व्हिब्रिओ' लॅटिन, थरथरणारा. जंतू शेपटीच्या जोरावर सूक्ष्मदर्शकाखाली सारखा वळवळताना दिसतो म्हणून. 'कॉलरी' म्हणजे 'कॉलऱ्याचा', त्यातलं ग्रीक पित्त आपण पाहिलंच. 'ओ' हा जर्मन 'ओने हाऊख'चा पहिला स्वर. जंतू वाढवायच्या बशीत काही जातींचे जंतू काचेवर फुंकर मारल्यासारखा पातळ थर करतात, काहींचा तसा थर होत नाही. 'ओने हाऊख' म्हणजे असा फुंकरीचा थर नसलेले. 'एल टोर' हे इजिप्तमधलं सिनाईच्या किनाऱ्यावरचं ठिकाण. तिथे हज यात्रेहून परतणाऱ्यांना अडवून ठेवायचा तळ होता आणि १९०५ मध्ये तिथे मेलेल्या यात्रेकरूंच्या आतड्यात हा प्रकार सापडला. १९६१ मध्ये इंडोनेशियातून सुरू झालेली जागतिक साथ याच प्रकाराची. 'ओगावा' हे जपानी आडनाव आहे, आणि ते एका उपप्रकाराला दिलं आहे. दुसऱ्या उपप्रकाराचं नाव 'इनाबा', तेही जपानीच.

रिपोर्ट ओगावा येवो की इनाबा, घरी करायचं ते एकच आणि त्यासाठी रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. विषाने आतड्याची क्लोराईडची दारं उघडी टाकली तरी साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा मार्ग शाबूत राहतो. नुसतं मीठ आत जात नाही, साखरेचा हात धरून जातं आणि पाणी त्यांच्यामागून जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनोबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी हेच मिश्रण पिंपांत कालवून लोकांना प्यायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. मराठीत त्याला 'जलसंजीवनी' म्हणतात. ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी एकदम कालवायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट पाजायचं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश मागे जायला लागली किंवा माणूस पेंगुळला, तर घरी वेळ न काढता दवाखाना गाठायचा. तिथे सलाईन लावतात, गरज असेल तर प्रतिजैविकं देतात. वाटेत गाडीतसुद्धा पाजणं चालू ठेवायचं.